संयुक्त 'मानापमान'

नाटकमंडळ्यांची चढाओढ आम्हां महाराष्ट्रीयांस नवी नाहीं. परंतु दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकाच रंगभूमीवर उभ्या राहिल्या, त्या ८ जुलै १९२१ च्या प्रयोगाचें मोल आम्हांस निराळें वाटतें. मुंबईस बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं खाडिलकरांचें 'मानापमान' झालें. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. कोण वरचढ ठरले, हा वाद रसिकांत पुढें वर्षानुवर्षें चालला. आमच्या मतें तो व्यर्थ होय. ज्याच्या गळ्यावर साऱ्या मंडळीची भाकरी अवलंबून, त्यानें प्रतिस्पर्ध्याशेजारीं उभें राहून आपली कीर्तीच पणास लावावी, हें खरें दान. तिकिटांचे पैसे तर प्रेक्षकांनींच दिले! पुढें तीन महिनेही लोटले नाहींत, तोंच ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. त्यांचें वय अवघें ३१ होतें.