तहकूब: थांबलं, पण माफ नाही झालं

मंगळवार पेठ, कोल्हापूर इथून आजचा भाग. आज एकाच शब्दाचा इतिहास: 'तहकूब'.

हा शब्द तुम्ही बातम्यांत हजारदा ऐकलाय. गोंधळ झाला, विधानसभेचं कामकाज दिवसभरासाठी तहकूब. आपल्या कोल्हापुरात तर घराघरात कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचा सभासद असतोच. वार्षिक सभेच्या नोटिशीत खाली बारीक अक्षरात एक तळटीप असते: गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होईल आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरेल, तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही. म्हणजे बघा, तहकूब झालेली सभा रद्द होत नाही. ती फक्त थांबते आणि नंतर होतेच. आख्ख्या शब्दाचा अर्थ त्या तळटिपेत आहे.

शब्द अरबी मुळाचा, फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि दरबारी कागदांत रुळला. पण त्याचं खरं वजन सभेत नाही, सातबाऱ्यावर आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या बाबतीत दोन वेगळे शब्द होते: 'सूट' आणि 'तहकुबी'. सूट म्हणजे सारा कायमचा सोडला. तहकुबी म्हणजे यंदा घेत नाही, पुढं चांगला हंगाम आला की वसूल करू. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक 'डिलीट' आणि दुसरं 'पॉज'.

आता हा फरक एवढा महत्त्वाचा का? कारण सारा रोख भरायचा आणि ठरलेल्या तारखेला भरायचा. पीक बुडालं तरी तारीख येतेच. मग शेतकरी जाणार कुठं? सावकाराकडं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यात लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. कागद जाळले. म्हणजे 'पॉज' मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतःच 'डिलीट' दाबलं. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाचा मूळ हिशेब तपासायचा आणि हप्ते पाडून द्यायचे, हे अधिकार कोर्टाला मिळाले.

पुढचा टप्पा १८९६-९७ च्या दुष्काळाचा. सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत साऱ्याच्या सवलतीची तरतूद होती, पण गावात ती कुणाला ठाऊक? लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत ती लोकांपर्यंत पोचवली. त्यांचं सांगणं सरळ होतं: हा तुमचा हक्क आहे, मागा. याचा सरकारला एवढा राग आला की १८९७ मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली.

मग १९१८. खेडा जिल्हा गुजरातचा, पण तेव्हा मुंबई इलाख्यातच. नियम असा की पीक चार आण्यांच्या आत आलं, तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकार म्हणालं, जास्त आहे. गांधीजींचा खेडा सत्याग्रह मुळात याच आणेवारीच्या वादावर उभा होता. आणि मागणी साधी तहकुबीची होती, माफीची नाही! जूनमध्ये तडजोड झाली: ऐपत असलेल्यांनी भरायचं, गरिबांचा तहकूब.

आणेवारी आज 'पैसेवारी' झाली आहे. पैसेवारी ५० च्या आत आली का, हा प्रश्न आजही दुष्काळी तालुक्यात जीव टांगणीला लावतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, तेव्हाच्या सवलतींची यादी नीट वाचा. जमीन महसुलात 'सूट', पण शेतीकर्जाच्या वसुलीला 'स्थगिती'. एकाच यादीत दोन शब्द आणि दोन वेगळी भविष्यं.

आता आपल्या मोबाइलवर येऊ. २०२० मध्ये हाच जुना पाहुणा इंग्रजी कपडे घालून आला: 'मोरेटोरियम'. मूळ लॅटिन, अर्थ उशीर करणं. गंमत म्हणजे मार्च २०२० मध्ये तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा उलट बाजूनं. ५ मार्चला येस बँकेवर मोरेटोरियम लागलं. तिथं बँकेनं लोकांचे पैसे देणं थांबलं, ५० हजारांच्या वर काढता येईनात. सातारच्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या ठेवीदारांनी २००६ मध्ये हेच अनुभवलं होतं. मग २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जदारांना मोरेटोरियमची मुभा दिली. इथं लोकांनी बँकेचे पैसे देणं थांबलं. आधी तीन महिने, मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत.

खूप जणांना वाटलं, हप्ता माफ झाला. नाही! हप्ता थांबला, व्याज चालू होतं. हिशेब करू. ५ लाखांचं कर्ज, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. सहा महिने काही भरलं नाही तर सरळ व्याज ३० हजार. व्याजावर व्याज धरलं तर साधारण ३० हजार ७६०. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २३ मार्च २०२१ ला कोर्टानं सांगितलं, त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घ्यायचं नाही. पण पूर्ण व्याजमाफी नाकारली. म्हणजे आपल्या उदाहरणात सुटले ते ७६०. ३० हजार भरायचेच.

म्हणून तहकुबी वाईट का? अजिबात नाही. पगार थांबला, पीक गेलं, दुकान बंद पडलं, तर सहा महिन्यांचा श्वास माणसाला वाचवतो. १९३१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी पहिल्या महायुद्धाची सरकारी देणी वर्षभर थांबवायचा प्रस्ताव मांडला, तोही याच कारणानं. देशांनासुद्धा श्वास लागतो.

फक्त पुढच्या वेळी असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. नेमकं काय थांबलं, मुद्दल, हप्ता की वसुली? थांबलेल्या काळाचं व्याज कोण भरणार? आणि मुदत संपल्यावर सगळं एकदम मागणार की हप्ते पाडून? १८९६ मध्ये हे समजावायला 'केसरी'ची माणसं गावोगाव फिरली. आपल्या हातात मोबाइल आहे. घरात कुणी 'माफ झालं म्हणे' असं म्हणालं, तर त्यांना शेजारी बसवून तो मेसेज शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा.

भेटू पुढच्या भागात!