पंचांच्या राजीनाम्यापासून ग्राहक आयोगापर्यंत

पेशवाईत पंच बसण्याआधी वादी-प्रतिवादींकडून ‘राजीनामा’ लिहून घेत: निवाडा होईल तो कबूल. पेशवाईनंतर इथला कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनलाही ही पद्धत टिकावी असं वाटत होतं. पुढे मात्र कोर्टकचेरीच वरचढ ठरली.

कोर्टाची वाट किती लांब, याचं एक उदाहरण. 6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाची डावी मांडी मोडली. त्याला पुण्याला हलवलं, हाड बसवलं, पण 13 मे रोजी तो दगावला. वडिलांनी डॉक्टरवर दावा लावला. ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले’ या नावाने गाजलेला तो खटला सुप्रीम कोर्टात 1968 मध्ये संपला. भरपाई 3,000 रुपये, आणि वाट पाहणं पंधरा वर्षांचं!

पुढे सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या शांता निकालाने पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रारीची मुभा दिली. सीमाभागाला ही मोठीच सोय: सोलापुरात किंवा हैदराबादेत उपचार घेतलेला बिदर जिल्ह्यातल्या जनवाड्याचा माणूस बिदरच्याच ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो.

त्याच कायद्यात मध्यस्थीही आली. मात्र 2020 च्या नियमांनी वैद्यकीय निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली प्रकरणं तिच्याबाहेर ठेवली, आणि ते योग्यच. करारात लवादाचं कलम असलं, तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगितलं होतं.