रविवारी सकाळी आठ वाजता: नावं वाचून दाखवणारा आर्चबिशप

ज्यांना लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका मित्राने मेसेज केला, "अरे, एवढा लांब ऑडिओ आजकाल कोण ऐकतं? रील्सचा जमाना आहे." पटलं मला. पण लगेच एक माणूस आठवला. एकटाच बोलणारा. मागे संगीत नाही, एडिटिंग नाही. दीड-दीड तास, कधी त्याहूनही जास्त. आणि तरी देशातला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम त्याचाच होता. लोक सांगायचे की रविवारी सकाळी गल्लीतून चालत गेलात तर एकही वाक्य चुकायचं नाही, कारण घराघरातून तोच आवाज येत असायचा.

तो माणूस म्हणजे ऑस्कर रोमेरो, एल साल्वादोर देशाचा कॅथलिक आर्चबिशप. आणि तो 'कार्यक्रम' म्हणजे रविवारच्या मिस्सामधलं त्याचं प्रवचन. प्रवचनासारख्या जुन्या गोष्टीतून त्याने काय नवीन घडवलं आणि त्याची काय किंमत मोजली, ते आज बघू.

आधी नकाशा. एल साल्वादोर मध्य अमेरिकेत आहे. क्षेत्रफळ साधारण 21,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडं मोठं. त्या काळी मुख्य पीक होतं कॉफी, आणि चांगली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात होती. 1932 मध्ये शेतमजुरांनी उठाव केला, तर लष्कराने हजारो लोक मारले. त्या हत्याकांडाला तिथे 'ला मातान्सा' म्हणतात, म्हणजे सरळ 'कत्तल'. त्यानंतर जवळपास 50 वर्षं सत्ता लष्कराकडेच राहिली.

रोमेरोचा जन्म 1917 चा, सियुदाद बारियोस या डोंगरातल्या गावचा. वडील तारमास्तर. लहानपणी ऑस्कर गावात तारा आणि पत्रं पोचवायला मदत करायचा. थोडे दिवस सुतारकामही शिकला. पुढे रोममध्ये शिकून 1942 मध्ये फादर झाला. मला त्या तारांचं फार वाटतं. कुणाची तरी बातमी बिनचूक दुसऱ्यापर्यंत पोचवायची, हे काम त्याने शाळकरी वयातच केलं होतं.

पण एक गैरसमज नको. हा माणूस क्रांतिकारक वगैरे अजिबात नव्हता. 1968 मध्ये लॅटिन अमेरिकेतले बिशप कोलंबियात मेदेयिन शहरात जमले होते. गरिबी ही नुसती नशिबाची गोष्ट नाही, ती अन्यायी व्यवस्थेतून येते आणि चर्चने गरिबांच्या बाजूने उभं राहायला हवं, असं त्यांनी मांडलं. रोमेरो या नव्या वाऱ्याकडे जरा संशयानेच बघायचा. पुस्तकी, लाजाळू, शिस्तीचा माणूस. म्हणून फेब्रुवारी 1977 मध्ये तो राजधानी सान साल्वादोरचा आर्चबिशप झाला तेव्हा श्रीमंत मंडळी खूश होती आणि खेड्यापाड्यात काम करणारे फादर नाराज.

तीनच आठवड्यांत चित्र पालटलं.

रुटिलियो ग्रांदे नावाचा एक जेझुइट फादर होता, रोमेरोचा मित्र. आगिलारेस या ऊसपट्ट्यात त्याचं काम चालायचं. मजुरांचे छोटे गट करून बायबल वाचायचं, वाचलेल्याचा आपल्या मजुरीशी आणि जमिनीशी काय संबंध आहे ते बोलायचं, त्यांच्यातूनच बोलणारे पुढारी तयार करायचे. त्याने मक्याचा सणही सुरू केला होता, कारण मका हेच तिथल्या गरिबाचं अन्न. 12 मार्च 1977 ला मिस्सासाठी जाताना त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबतचे एक म्हातारे गृहस्थ आणि एक किशोरवयीन मुलगा, तेही गेले.

रोमेरोने काय करावं? निषेधाचं पत्रक? ते त्याने काढलंच. सरकारकडे चौकशी मागितली आणि ती होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही असं जाहीर केलं. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, जी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पुढच्या रविवारी, 20 मार्चला, अख्ख्या धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चमधली मिस्सा रद्द केली. सगळ्यांसाठी एकच मिस्सा, राजधानीच्या कॅथेड्रलसमोर. पोपच्या राजदूताने विरोध केला, तरी त्याने ऐकलं नाही. सुमारे एक लाख लोक आले. जे येऊ शकले नाहीत त्यांनी ती रेडिओवर ऐकली.

आता या रेडिओबद्दल. धर्मप्रांताचं स्वतःचं एक छोटं केंद्र होतं, वायएसएएक्स. मोठी वर्तमानपत्रं श्रीमंत घराण्यांची होती. एखाद्या खेड्यात सैनिक येऊन चार माणसं उचलून घेऊन गेले, तर ती बातमी छापून यायचीच नाही. छापली असती तरी खेड्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. पण सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर बऱ्याच झोपड्यांत होता. न वाचता येणारा माणूस, न छापली जाणारी बातमी आणि एक स्वस्त यंत्र, या तिघांना रोमेरोने एकत्र जोडलं.

त्याच्या प्रवचनाची रचना बघा. सुरुवातीला त्या दिवशीच्या बायबलच्या वाचनांवर भाष्य, अगदी पारंपरिक. मग चर्चच्या बातम्या: कुठल्या गावात कुणाचा सण झाला, कुठे लग्नं लागली, कुणाचं पत्र आलं. आणि मग आठवड्याच्या घटना. अमुक तारखेला, अमुक गावात, अमुक माणसाला घरातून नेलं. नाव, गाव, वय. अमुक मृतदेह रस्त्याकडेला सापडला. अमुक आई आपल्या मुलाला शोधतेय. एकामागून एक.

हे ऐकायला साधं वाटतं, पण त्यामागे मोठी यंत्रणा होती. 'सोकोरो हुरीदिको' नावाच्या कायदेशीर मदत कार्यालयात तरुण वकील बसायचे. खेड्यातून लोक यायचे, तक्रार सांगायचे आणि ते सगळं नोंदवून तपासलं जायचं. आठवड्याच्या शेवटी रोमेरो आपल्या सल्लागारांबरोबर बसून चर्चा करायचा, मग शनिवारी रात्री उशिरापर्यंत एकटा टिपणं काढायचा. आधी दिलेली एखादी माहिती चुकीची निघाली, तर ती पुढे प्रवचनातच दुरुस्त करायचा. कारण त्याला ठाऊक होतं की एक चूक सापडली तर बाकीची सगळी खरी नावंही खोटी ठरवली जातील.

आणि यादी एकाच बाजूची नव्हती. गनिमी गटांनी परराष्ट्रमंत्र्याचं अपहरण केलं, तेव्हा रोमेरोने त्याच्या सुटकेसाठी आवाहन केलं. त्याला मारलं गेलं तेव्हा अंत्यसंस्काराची मिस्सा रोमेरोनेच केली. गनिमांची हिंसाही त्याने स्पष्ट शब्दांत नाकारली. त्यामुळे त्याच्यावर चिडणारे दोन्हीकडे होते. खुद्द बहुतेक सहकारी बिशप त्याच्या विरोधात होते.

आता इथे जरा थांबूया, कारण मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे.

त्याच देशात, 1980 च्या सुरुवातीला, आणखी एक माणूस माध्यमातून नावं वाचत होता. रोबेर्तो दोबिसोन, लष्करी गुप्तहेर खात्यातला माजी मेजर. तो टीव्हीवर यायचा आणि अमुक देशद्रोही, तमुक कम्युनिस्ट, असं नावानिशी सांगायचा. मारियो सामोरा हा गरिबांना सरकारी वकील पुरवणाऱ्या खात्याचा प्रमुख. त्याचंही नाव टीव्हीवर आलं. काही दिवसांतच, फेब्रुवारी 1980 मध्ये, त्याच्या घरात घुसून त्याला ठार केलं.

म्हणजे बघा, तंत्र एकच: माध्यम हातात घ्यायचं आणि नावं वाचायची. एक जण मेलेल्यांची नावं वाचतो, कारण ते विसरले जाऊ नयेत. दुसरा जिवंतांची वाचतो, आणि मग ते मारले जातात. आम्ही टेकवाले सहज म्हणतो की टेक्नॉलॉजी न्यूट्रल असते. मीही म्हणायचो. या दोन याद्या शेजारी ठेवून बघितल्यावर ते वाक्य मला फार सोयीचं वाटायला लागलंय. माईकला कळत नसेल, पण माईकसमोर बसणाऱ्याला पक्कं कळतं की आपण कुणाचं नाव कशासाठी घेतोय.

पुढे ऐका. 17 फेब्रुवारी 1980, रविवार. रोमेरोने अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहिलेलं पत्र प्रवचनात वाचून दाखवलं. मागणी अशी की साल्वादोरच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल. दुसऱ्याच रात्री वायएसएएक्सच्या केंद्रात बॉम्बस्फोट झाला. केंद्रावर हल्ला व्हायची ती पहिली वेळ नव्हती.

केंद्र बंद. मग? कोस्टा रिकामधल्या एका शॉर्टवेव्ह केंद्राने त्याचं प्रवचन बाहेरून प्रसारित केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेन सर्व्हर पडला, ट्रॅफिक दुसऱ्या देशातून फिरवला. पण रोमेरोने बॅकअपचा विचार आधीच आणि जास्त खोलवर केला होता. केंद्र बंद पाडलं गेलं तर तुमच्यातल्या प्रत्येकाने देवाचा माईक व्हायचं, अशा अर्थाचं तो लोकांना सांगत आला होता. यंत्र बंद करता येतं, ऐकलेलं दुसऱ्याला सांगणारा माणूस बंद करणं अवघड.

23 मार्चला वायएसएएक्स पुन्हा सुरू झालं. त्या रविवारी शेवटाकडे येताना रोमेरो थेट सैनिकांशी बोलला. वरिष्ठांशी नाही, साध्या शिपायांशी, जे स्वतःच शेतकऱ्यांची पोरं होती. तुम्ही आपल्याच भावांना मारताय, देवाच्या नियमाविरुद्ध दिलेला हुकूम पाळायची सक्ती कुणावर नाही, आणि हे दमन थांबवा, असा त्याचा आशय होता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लष्कराला ती बंडाची चिथावणी वाटली.

दुसऱ्या दिवशी, 24 मार्च 1980 ला संध्याकाळी, तो कॅन्सरच्या रुग्णांसाठीच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये मिस्सा करत होता. राहायलाही तो त्याच आवारात होता. दारातून एक गोळी आली आणि तो वेदीपाशीच कोसळला. ती मिस्सा टेपवर रेकॉर्ड होत होती. गोळीचा आवाज त्या टेपवर आहे. मी तो या भागात वाजवलेला नाही, वाजवणारही नाही.

अंत्यसंस्काराला जमलेल्या प्रचंड गर्दीतही बॉम्ब आणि गोळीबार झाला, कित्येक जण मेले. मग यादवी युद्ध पेटलं, ते 1992 पर्यंत चाललं. सुमारे 75,000 माणसं गेली.

आता तुम्ही विचाराल, मग त्या याद्यांचा उपयोग काय झाला? हत्या थांबल्या का? नाही. उलट वाढल्या. हे गोड करून सांगता येत नाही.

पण दोन गोष्टी झाल्या. बेपत्ता झालेल्यांच्या आया त्याच्याकडे यायच्या. त्याच्या पाठिंब्याने त्यांनी 1977 मध्ये स्वतःची समिती उभी केली आणि त्या एकेकट्या राहिल्या नाहीत. रविवारी आपल्या पोराचं नाव रेडिओवर ऐकणं म्हणजे तो होता, त्याला नेलं, आणि हे सगळ्या देशाला माहीत आहे, याची खात्री. जिथे सरकार म्हणतं की असं काही घडलंच नाही, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंद राहिली. प्रवचनांच्या टेप राहिल्या. रोमेरोने डायरीसुद्धा लिहिली नाही, ती कॅसेटवर बोलून ठेवली, मार्च 1978 पासून मरणाच्या चार दिवस आधीपर्यंत. व्हॉइस नोट्सच की! 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने आपल्या अहवालात म्हटलं की रोमेरोच्या हत्येचा आदेश दोबिसोनने दिला. काही दिवसांतच तिथल्या संसदेने सगळ्यांना माफी देणारा कायदा केला, म्हणजे शिक्षा कुणालाच नाही. तो कायदा 2016 मध्ये कोर्टाने रद्द केला. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 24 मार्च हा सत्य जाणून घेण्याच्या हक्काचा दिवस ठरवला. आणि 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमेरोला संत घोषित केलं.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो. वेळ, आयडी, काय झालं, एकेक कंटाळवाणी ओळ. सगळं सुरळीत असेपर्यंत ते कुणी उघडूनही बघत नाही. काही बिघडलं आणि कुणी म्हणालं की असं झालंच नाही, की मग त्याच ओळी कामाला येतात. रोमेरो दर रविवारी आपल्या देशाचा लॉग मोठ्याने वाचत होता.

क्रिएटिव्हिटी म्हटलं की आपल्याला भारी ग्राफिक्स, नवा फॉरमॅट, हुक असलेले पहिले तीन सेकंद आठवतात. रोमेरोकडे नवीन असं काहीच नव्हतं. प्रवचन जुनं, रेडिओ जुना, मृतांची नावं घेऊन प्रार्थना करणंही चर्चमध्ये शेकडो वर्षांचं. त्याने फक्त या तीन जुन्या गोष्टी एकमेकांजवळ आणल्या आणि ज्यांचं नाव कुणीच घेत नव्हतं त्यांना तिथे जागा दिली.

तर मित्रा, दीड तासाचा ऑडिओ कोण ऐकतं, याचं उत्तर हे असं आहे. ज्याला वाटतं की यात आपल्या माणसाचं नाव येईल, तो शेवटपर्यंत ऐकतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, तुमच्या घरात असं कुणी असेल ज्याची गोष्ट कुठेच नोंदलेली नाही, तर आज फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि आजी-आजोबांना विचारा. नाव, गाव, साल नीट विचारून घ्या, आणि खात्री करूनच पुढे पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!