खानदेशची अबकारी

सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळ्याच्या आरंभी मोह फुलतो, आणि त्या फुलांची दारू भिल्ल-पावरा समाजाच्या लग्नकार्यात, देवकार्यात व मयताच्या विधीतही मान पावलेली होती. परंतु 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, पुढे 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावरील निर्बंध आवळले गेले, आणि जी वस्तू आदिवासी स्वतःच्या अंगणात गाळीत असे तीच मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेण्याची पाळी त्याच्यावर आली. महसूल सरकारच्या खजिन्यात गेला आणि उधारी भिल्लाच्या माथी राहिली.

या पेचातून सुटकेचा मार्ग लोकांनीच काढला. 1922 च्या सुमारास गुजरातच्या सरहद्दीवरून पश्चिम खानदेशात पसरलेल्या देवीच्या चळवळीत, अंगात आलेल्या स्त्रीपुरुषांच्या मुखातून दारू सोडण्याची आज्ञा झाली आणि गावेच्या गावे दारूच्या पारशी दुकानदारांकडे पाठ फिरवून बसली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतर तळोद्याकडील गुलाम महाराजांच्या आप धर्मानेही हेच व्रत घालून दिले. त्या त्यागामागे एकही शिपाई उभा नव्हता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्वराज्याच्या सरकारने मात्र शिपायावरच भिस्त ठेवली. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, एप्रिल 1950 पासून राज्यभर बंदी झाली. धनिकास वैद्यकीय दाखल्यावर परवाना मिळाला, गरिबाच्या वाट्यास काळा गूळ व नवसागराची हातभट्टी, तिचा हप्ता आणि कोठडी आली. पुढे वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत सरकारला ती बंदी सैल करावी लागली.

गांज्याची कथा याहून शोचनीय आहे. 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाने सुमारे बाराशे साक्षी नोंदवून निष्कर्ष काढला की मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदीने लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, म्हणून परवाने व कर यांनीच त्याचे नियमन व्हावे. आणि तसे ते कित्येक दशके झालेही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने तो शहाणपणा मोडीत काढला; त्याखाली लागवडीस आज दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरीही शिरपूर तालुक्याच्या वनजमिनींवर गांजा पिकतोच. पोलीस झाडे उपटतात, पंचनामे करतात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पेरणी होते. कोरडवाहू जमिनीवर पोट न भरणाऱ्या कुटुंबाचा कर्ता पुरुष मुद्देमालासह धरला जातो, तेव्हा त्या घराची जी वाताहत होते ती कोणत्याही चिलमीने केली नसती.

नशेने संसार उद्ध्वस्त होतात, हे मी नाकारीत नाही. पण परवान्याचे दुकान गावच्या स्त्रिया मतदानाने, आडवी बाटली करून, बंद पाडू शकतात. चोरून चालणाऱ्या धंद्यावर कोणाचे मत चालणार? संसदेने 1894 चा तो अहवाल पुन्हा उघडावा, प्रौढाच्या गांजा-सेवनास फौजदारीतून वगळावे, लागवडीस व विक्रीस कडक परवाना द्यावा आणि त्यातून येणारा कर सातपुड्यातील व्यसनमुक्तीच्या व उपचाराच्या कामी लावावा.