स्वस्त शेअर, महाग पेट्रोल आणि एकच मालक

सध्या आपल्या जिवतीत कापसाच्या भावाइतकीच आणखी एका भावाची चर्चा आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या शेअरचा भाव. शिक्षक आहेत, किराणा दुकानदार आहेत, गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यात नोकरीला जाणारी पोरं आहेत. मोबाईलवर डीमॅट खातं उघडलं की माणूस शेअर बाजारावर बोलायला मोकळा.

चर्चा साधारण अशी असते. एक म्हणतो, "भारत पेट्रोलियमनं २०२३-२४ या एका वर्षात २६,६७३ कोटी नफा कमावला. शेअर नफ्याच्या पाच-सहा पटीत भेटते. फुकट आहे, फुकट!" दुसरा म्हणतो, "मी ऐकतो तेव्हापासून फुकटच आहे भाऊ. मग वाढत काऊन नाही?"

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. आकड्यांनी बघितलं तर शेअर स्वस्त आहे, आणि तो स्वस्त असायला कारणही आहे. ते कारण कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही, इतिहासात सापडतं. म्हणून ही लांब पोस्ट. घ्या किंवा विका असा सल्ला मी देत नाही, ते माझं काम नाही.

मालक कसा बदलला

मुंबईत चेंबूरच्या पुढे माहुल-ट्रॉम्बेला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. अमेरिकन स्टॅनव्हॅक कंपनीचा १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये. तेव्हा देशातला पेट्रोल-रॉकेलचा धंदा बहुतांश परदेशी कंपन्यांच्या हातात होता. १९७१ चं युद्ध झालं, १९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि तेलाची चावी परक्याच्या हातात ठेवणं परवडणार नाही हे दिल्लीला पटलं. १९७४ मध्ये एस्सोचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम आली. २४ जानेवारी १९७६ ला बर्मा-शेल सरकारजमा झाली आणि १९७७ मध्ये तिचं नाव भारत पेट्रोलियम पडलं.

हेतू स्पष्ट होता. देशाला तेल मिळालं पाहिजे, ते खेड्यापाड्यात पोचलं पाहिजे आणि भाव सरकारच्या आवाक्यात राहिला पाहिजे. भागधारकाचं भलं करायला या कंपन्या जन्मल्याच नव्हत्या. १९९१ नंतर सरकारला पैशांची गरज पडली, थोडे थोडे शेअर बाजारात आले आणि जुन्या घरात हा नवा भाडेकरू राहायला आला. छोटा गुंतवणूकदार म्हणजे तोच भाडेकरू. घरमालक मात्र तोच राहिला.

तीन वेळा आशा लागली

पहिली वेळ २००२-०३. वाजपेयी सरकारनं हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायचं ठरवलं. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी आग्रही होते. पेट्रोलियम मंत्री आपले मुंबईचे राम नाईक, त्यांचा विरोध होता. एकाच मंत्रिमंडळात दोन तोंडं. शेवटी सप्टेंबर २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या कंपन्या संसदेनं कायदा करून घेतल्या आहेत, तर कायदा बदलल्याशिवाय विकता येणार नाहीत. विक्री बारगळली.

दुसरी वेळ जानेवारी २०१८. सरकारनं हिंदुस्तान पेट्रोलियममधला आपला ५१.११ टक्के हिस्सा विकला. कुणाला? स्वतःच्याच ओएनजीसीला. एका शेअरला ४७३ रुपये ९७ पैसे, एकूण ३६,९१५ कोटी. हा दर बाजारभावापेक्षा चांगला वरचा होता. एरवी कंपनीचा ताबा बदलला की नव्या मालकाला छोट्या भागधारकांसमोरही खरेदीचा प्रस्ताव ठेवावा लागतो. इथं मालक सरकारच राहिलं, म्हणून सूट मिळाली. वरचा दर सरकारच्या तिजोरीला मिळाला आणि शेजारी बसलेला छोटा भागधारक बघत राहिला.

तिसरी वेळ सगळ्यांच्या लक्षात आहे. २० नोव्हेंबर २०१९ ला मंत्रिमंडळानं भारत पेट्रोलियममधला ५३.२९ टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली. जुना राष्ट्रीयीकरणाचा कायदा २०१६ मध्येच रद्द झाला होता, म्हणजे २००३ ची अडचण उरली नव्हती. शेअर पाचशेच्या वर होता. कोण घेणार, किती देणार, यावर देशभर पैजा लागल्या. मग कोरोना आला. वेदांतासह तिघांनी इच्छा दाखवली, दोघं मागे सरले आणि मे २०२२ मध्ये सरकारनं विक्रीच रद्द केली. तेव्हा शेअर साडेतीनशेच्याही खाली होता.

खरं तेही सांगितलं पाहिजे. या काळात थांबलेल्यांच्या हाती काहीच लागलं नाही असं नाही. नुमालीगढ रिफायनरीतला हिस्सा विकल्यावर भारत पेट्रोलियमनं २०२०-२१ या वर्षासाठी शेअरमागे एकूण ७९ रुपये लाभांश दिला. पण विक्री होईल आणि भाव उसळेल या आशेवर जे आले होते, त्यांचा हिशेब चुकला.

पंपावरचा भाव कोण ठरवतं?

कागदावर पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटला. जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. आता प्रत्यक्ष काय झालं ते बघा.

ऑक्टोबर २०१८: निवडणुका तोंडावर, भाव चढलेले. सरकारनं कंपन्यांना लिटरमागे एक रुपया सोसायला सांगितला. शेअर धाडकन कोसळले.

नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२: उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका. कच्चं तेल वाढत होतं, पंपावरचा भाव १३७ दिवस हलला नाही. निकाल लागल्यावर हलला.

एप्रिल २०२२ पासून पुन्हा गोठला. युक्रेन युद्धानं कच्चं तेल भडकलेलं होतं. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २१,२०१ कोटींचा तोटा झाला. पुढे कच्चं तेल उतरलं तरी भाव तसेच ठेवले आणि २०२३-२४ मध्ये तिघींनी मिळून जवळपास ८१ हजार कोटी नफा मिळवला. आपला मित्र ज्या नफ्याचा आकडा सांगतो, तो या वर्षाचा. १५ मार्च २०२४ ला पंपावर दोन रुपये कमी झाले आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली.

नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल घसरत होतं तेव्हा उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. म्हणजे तेल महाग झालं की ओझं कंपनीवर, स्वस्त झालं की मलई तिजोरीत. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, आधीही भाव दाबून ठेवले जातच होते.

म्हणून बाजार अशा कंपनीच्या एका वर्षाच्या नफ्यावर भरवसा ठेवत नाही. आज आहे, उद्या निवडणूक आली तर? शेअरच्या स्वस्त किमतीत हा प्रश्न आधीच धरलेला असतो.

"अमळनेरचं बघा ना!"

चर्चेत हे वाक्य येतंच. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. तिथं मोहम्मद हाशम प्रेमजींनी १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. तीही तेलाचीच, पण खाण्याच्या. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण. १९६६ मध्ये ते गेले आणि २१ वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण सोडून परतला. तेव्हाच्या सभेत एका भागधारकानं उठून, हे तुझ्याच्यानं होणार नाही, कुणा जाणत्याला कंपनी विकून टाक, असं तोंडावर सुनावल्याची आठवण सांगितली जाते. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. अमळनेरात ज्या घरांनी ते कागद पेटीत तसेच ठेवले, ती कोट्यधीश झाली.

गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ नीट लावा. तिथं मालकाचं आणि छोट्या भागधारकाचं हित एकाच गाडीत बसलं होतं. नफा कुठं घालायचा, कोणता नवा धंदा धरायचा हे मालक स्वतः ठरवत होता. आणि नुसता कागद धरून ठेवला म्हणून सगळेच श्रीमंत होत नाहीत. आपल्या बल्लारपूरचं नाव लावणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचाही शेअर कुणाला तरी स्वस्तच वाटला असेल.

मग आपण कुठल्या बाजूला?

खरा प्रश्न हा आहे. घाट चढून येणाऱ्या एसटीला, कापूस नेणाऱ्या गाडीला, नांगरटीच्या ट्रॅक्टरला डिझेल लागतं. २०२२ मध्ये भाव गोठला तेव्हा भागधारकाचा जो पैसा बुडाला, तो काही प्रमाणात आपल्याच डिझेलमध्ये वाचला. पुढे नफा चढला तो आपल्याच टाकीतून गेला. पंपाच्या दोन्ही बाजूंना आपणच उभे आहोत. फरक इतकाच, की शेअर तालुक्यातल्या मोजक्या लोकांकडे आहे आणि डिझेल सगळ्यांनाच लागतं. वनजमिनीच्या घोळात पट्टा नाही म्हणून ज्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळत नाही, तो सावकाराकडून पैसे उचलून डिझेल भरतो. त्याचा या चर्चेत आवाजच नाही.

म्हणून छोट्या गुंतवणूकदाराला इतकंच म्हणतो. किती पट नफ्यात मिळतो हे जरूर बघा, पण त्याआधी मालक कोण आणि त्याला आणखी कोणाकोणाला खूश ठेवायचंय ते विचारा. लाभांश मिळतो म्हणून घेत असाल तर समजून घ्या. "सरकार विकेल आणि आपण सुटू" या आशेवर पोरीच्या लग्नाचे पैसे लावू नका. ती आशा तीनदा लागली आणि तिन्ही वेळा छोटा माणूस बघतच राहिला.

आणि सरकारला विचारायचं ते वेगळं. भाव दाबायचाच असेल तर उघड सांगा, अनुदान द्या, बजेटमध्ये लिहा. निवडणुकीआधी गोठवायचं, नंतर वसूल करायचं आणि वर भाव बाजार ठरवतो म्हणायचं, हे शेअर घेणाऱ्यालाही फसवणं आहे आणि डिझेल भरणाऱ्यालाही.