आजोळ गावातच होतं

आमच्या विट्यात एकदा ज्ञानोबारायांचं चरित्र लावलं होतं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमातेनं देहान्त प्रायश्चित्त घेतलं, चार लेकरं उघडी पडली, इथवर कथा आली. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. पदराआड सहा-सात वर्षांचा नातू. म्हणाली, "महाराज, रुक्मिणीचं माहेर आळंदीच ना? मग आजोळ गावातच होतं की! कुणी आत का घेतलं नाही?"

चाळीस वर्षं चरित्र सांगतोय, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. चरित्रकार सांगतात, सिधोपंत आळंदीचे कुलकर्णी, म्हणजे मुलांचे सख्खे आजोबा. नात्याला तोटा नव्हता. पण संन्याशाची पोरं म्हणून घर वाळीत, आणि दार उघडेल तोही वाळीत. नातं होतं, ते भीतीनं गोठलं.

आता दुसरं चरित्र पाहा. गंगाखेडची जनी. आई गेली, बापानं पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवली. रक्ताचं नातं नाही. दळणकांडण वाट्याला आलं हे खरं, पण घर मिळालं, नामदेवांची संगत मिळाली, आणि आपल्याला जनाबाई मिळाली.

त्याच पंढरपुरात १८७५ साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं बालकाश्रम निघाला. पुढं प्रार्थना समाजानं तो सांभाळला. लगेच १८७६ चा दुष्काळ पडला. अशा आश्रमांनी जीव वाचवले, त्यांना माझा दंडवत. पण आश्रम ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी. कुणी आहे का, हे आधी शोधायला नको का?

आज कायदाही हेच म्हणतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. सांभाळणाऱ्या घराला मुलामागं महिन्याला मदत मिळते. २०२३ मध्ये ती ११०० वरून २२५० रुपये झाली. बालकल्याण समिती चौकशी करून ठरवते. ही चौकशी हवीच, कारण काही नातेवाईक लेकरासाठी येतात आणि काही त्याच्या जमिनीसाठी.

त्या म्हातारीचा लेक आणि सून दोघंही गेलेली. भावकी म्हणत होती, पोराला आश्रमात घाला. मी विचारलं, "पोराला मामा नाही का?" म्हणाली, "हाय की, गलाईवर, लांब तिकडं." आपल्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. कितीतरी घरांत पुतण्या-भाच्याला हाताशी धरून नेलं, धंद्याला लावलं. आपली ही जुनी रीत. मी तिथल्या तिथं फोन लावायला सांगितला. पलीकडून मामा रडतच म्हणाला, "महाराज, मला कुणी विचारलंच नाही."

पोरगं आजीजवळच राहिलं. खर्च मामा पाठवतो, सुट्टीला घेऊन जातो. योजनेचा अर्जही केला.

वाचकहो, सोनं गाळलं की कस कळतो. नात्याचा कस लेकरू उघडं पडलं की कळतो. तुमच्या गावात असं लेकरू असेल तर एवढंच करा: त्याच्या आत्याला, मामाला, चुलत्याला, मावशीला, एकेकाला नाव घेऊन विचारा. आळंदीत ते कुणी विचारलं नाही.

रामकृष्ण हरी.