बाप्टिस्टिनावरील आरोप

न्हावा शेवा म्हटले की आपल्याला १९८९ साली सुरू झालेले बंदर आठवते. परंतु पनवेल-उरणच्या ह्या किनाऱ्याचा फार जुना इतिहास तेथल्या काळ्या कातळात आहे. समोरच्या घारापुरीची लेणी कोरली गेली तो कातळ म्हणजे दख्खनचा थिजलेला लाव्हा होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तो भूमीच्या भेगांतून वाहिला आणि त्याच सुमारास डायनोसॉर नाहीसे झाले. तेव्हा ह्या संहाराचा दोष आपल्या पायाखालच्या कातळाचा की आकाशाचा, हा प्रश्न आपणांस परका नाही.

आकाशाचा पक्ष १९८० साली पुढे आला. लुइस व वॉल्टर अल्वारेझ ह्या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवले. हा धातू भूपृष्ठावर दुर्मिळ, अशनींत मात्र बराच. पुढे १९९१ साली मेक्सिकोतील चिक्शुलूबचे गाडले गेलेले विवर ह्याच आघाताचे असल्याचे मांडले गेले. आघाताची खूण सापडली. पण तो धोंडा आला कोठून?

२००७ साली बॉटकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट दाखवले ते बाप्टिस्टिनाकडे. मंगळ व गुरू यांच्यामधील पट्ट्याच्या आतल्या भागात फिरणारा हा लहानसा लघुग्रह, क्रमांक २९८, ओग्यूस्त शार्ल्वा यांनी १८९० साली फ्रान्समधील नीस येथून शोधला होता. बॉटकी यांचे गणित असे : १६ कोटी वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह फुटला; बाप्टिस्टिना हे त्याचेच शकल; आणि पृथ्वीवर आदळलेला धोंडा त्याच कुळातला असण्याची शक्यता शेकडा नव्वदांहून अधिक!

एवढा आकडा ऐकल्यावर शंका कोण घेणार? पण ती घेतली गेली. २००९ साली विष्णु रेड्डी व सहकाऱ्यांनी बाप्टिस्टिनावरून येणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण केले. आघात करणारा धोंडा कार्बनयुक्त जातीचा मानला जात होता. हा लघुग्रह तर वेगळ्याच, दगडी घडणीचा निघाला. २०११ साली ‘वाइज’ ह्या अवकाश-दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून ती फूट १६ नव्हे, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीची ठरली. मग शकलांना पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास वेळच पुरेना. २०२४ साली तर रुथेनियम धातूच्या समस्थानिकांवरून असे दिसले, की तो धोंडा मुळात गुरूच्या पलीकडे घडलेला होता.

बाप्टिस्टिना सुटला, आपला कातळ मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. २०१९ साली दख्खनच्या खडकांचे वय मोजून दोन गटांनी दोन निराळे निष्कर्ष दिले. एकाच्या मते लाव्ह्याचा एक मोठा लोंढा संहाराच्या अगदी आधी आला, तर दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा त्यानंतर वाहिला. ज्या शास्त्राने नव्वद टक्क्यांची खात्रीही पुन्हा तपासली, ते येथेही घाई करणार नाही. आपणही करू नये.